मेलेल्या तारेचे चारशे रुपये

टिंडलबाबांचे मी चारशे रुपये देणं लागतो. १९८८ सालचे चारशे. सोसायटीचं पीककर्ज फिटलं, इंजिनासाठी मामाकडून उचललेले पैसे फिटले, बहिणीच्या लग्नातली उसनवारी फिटली. हे एवढं मात्र राहिलं, कारण घ्यायलाच कुणी तयार नव्हतं.

आमची यारी होती. विहिरीतला दगड वर काढायची. तीन लोखंडी पाय, पुढं झुकलेला दांडा, दांड्याच्या टोकाला पुली, मागं डिझेल इंजिन, त्याला जुन्या जीपचा गिअरबॉक्स आणि त्यावर तारेचा ड्रम. हल्ली सगळे क्रेन म्हणतात, पण अण्णा, म्हणजे माझे वडील, शेवटपर्यंत यारीच म्हणाले. नांदगाव तालुक्यात तेव्हा हा धंदा कधी बसत नसे. गिरणा धरण आमच्याच तालुक्यात, १९६९ साली पुरं झालं, पण त्याच्या कालव्यांचं पाणी उतरतं खाली जळगावकडं. आमच्या माळाला विहीरच. वरची हात-दोन हात माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, आणि एकदा काळा पाषाण लागला की सुरुंग आणि यारी. पाणी खाली जातं, विहीर त्याच्या मागं मागं जाते. आज्यानं तीस फुटांवर सोडलेली विहीर बाप पन्नासावर नेतो आणि नातू बोअरवाल्याला फोन लावतो.

१९८७चा पाऊस देशभर हुकला. पुढच्या उन्हाळ्यात आमची यारी एका विहिरीवरून निघायच्या आत दुसरा शेतकरी बैलगाडी घेऊन उभा असायचा. अण्णांच्या कमरेनं त्याच वर्षी दगा दिला आणि यारी माझ्याकडं आली. मी वीस वर्षांचा. इंजिन मला कळत होतं. तारही कळते, असं वाटत होतं.

मे महिन्यात रेल्वेलाइनच्या अंगाला एका मळ्यात काम चाललं होतं. पंचेचाळीस फूट झाले होते, खाली चौघं वडार गडी. संध्याकाळचा एक म्हातारा लाइनीकडून चालत आला. खाकी अर्धी चड्डी, वर पांढरा सदरा, डोक्याला टॉवेल. विहिरीत डोकावण्याऐवजी तो डोलीच्या कडीकडं बघत बसला. डोल वर आली, रिकामी झाली, पुन्हा खाली गेली, हा तिथंच उकिडवा.

"ह्या बुलडॉग कुणी आवळल्या?"

"मी."

"उलट्या आवळल्यास."

मी म्हटलं, "बाबा, दोन महिने झाले, अशाच चालल्यात." सूर चांगला नव्हता माझा. म्हातारा उठला, इंजिनापाशी गेला, वरचा खटका दाबला. इंजिन धापा टाकत बंद पडलं. मग त्यानं शांतपणे स्टार्टिंगचं हँडल उचललं, काखेत मारलं आणि निघाला. जाताना म्हणाला, "गड्यांना शिडीनं वर घे. हँडल सकाळी घरी येऊन ने. स्टेशनामागं, टिंडलचं घर विचार."

गडी वर आले ते मला शिव्या देतच. मळेवाला वेगळा तडकला. मी रात्रभर त्या म्हाताऱ्याला मारायचे बेत करत होतो.

टिंडल हे आडनाव नव्हे. रेल्वेत पुलांची कामं करणारी खलाशांची टोळी असते. मनमाडच्या इंजिनिअरिंग कारखान्यात पुलांचे गर्डर तयार होतात, ते नदीवर नेऊन खांबांवर चढवायचे, जुने उतरवायचे, हे खलाशांचं काम. खलाशी, टिंडल, सारंग ही सगळी गलबतावरची नावं. डोलकाठी उभी करणारी, जड माल दोरांवर तोलणारी माणसं किनाऱ्यावरून रेल्वेत आली आणि हुद्देही बरोबर घेऊन आली. बाबांचे वाडवडील रत्नागिरीकडचे दर्यावर्दी. ते स्वतः मात्र समुद्रापासून इतक्या लांब राहिले की भरतीच्या वेळा विसरलो म्हणायचे. बायको नांदगावची, म्हणून पेन्शन घेऊन इथंच टेकले.

सकाळी गेलो तर हँडल उंबऱ्याशी पुसून ठेवलेलं होतं. म्हटलं, उचलावं आणि निघावं. पण शेजारी त्यांनी हातभर तार, तीन बुलडॉग आणि पाना मांडून ठेवला होता. "बस. चहा होतोय तोवर आवळून दाखव."

मी आवळल्या. त्यांनी सोडल्या. बुलडॉग म्हणजे तारेचं वळवलेलं टोक पकडायची क्लिप. तिला दोन अंगं असतात. एक इंग्रजी यू अक्षरासारखी कडी, दुसरी खाचा असलेली गादी. कडी तारेला चावते, गादी धरते. तार थिंबलवरून, म्हणजे खोबणीच्या लोखंडी कडीवरून, वळवून परत आणली की दोन पदर होतात: ज्याच्यावर वजन येतं तो जिता, टोकाचा उरलेला तो मेला. कडीनं मेल्याला चावलं तर काही जात नाही. जित्याला चावलं, तर जिथं सगळा भार आहे तिथंच तार चेचली जाते. "जित्याला गादी, मेल्याला कडी," बाबा म्हणाले, आणि मला तीनदा म्हणायला लावलं, पाढ्यासारखं. नीट लावलेल्या बुलडॉगनं तारेची ऐंशी टक्के ताकद हाती राहते. उलट्या लावल्या की निम्म्याचाही भरवसा नाही. बारा एमएमच्या तारेला निदान तीन, दोन बुलडॉगमध्ये चार बोटांचं अंतर. आणि पहिलं वजन उचलून झालं की पुन्हा आवळायच्या, कारण ताण आला की तार बारीक होते. मी दोन महिन्यांत एकदाही पुन्हा पाना लावला नव्हता.

चहा प्यालो. हँडल घेऊन गेलो. दुसऱ्या दिवशी स्वतःहून परत आलो. असं ते त्या उन्हाळ्यात आणि पुढं तीन-चार वर्षं चाललं.

ते शिकवत असं म्हणता यायचं नाही. हातात काम द्यायचे आणि बघत बसायचे. पहिल्यांदा त्यांनी तार उलगडून दाखवली. सहा पेड, मध्ये गाभा. एका पेडात एकोणीस तारा, म्हणजे बोटाएवढ्या दोरात एकशे चौदा. गाभा वाखाचा निघाला, तेव्हा मी चकित झालो. आमच्या बांधाला जी घायपात उभी असते तिचाच वाख लोखंडाच्या पोटात! त्या वाखात ग्रीस मुरवलेलं असतं. तार पुलीवरून वळली की गाभा दाबला जातो आणि आतून थोडं थोडं वंगण सोडतो. तो कोरडा पडला की पेड एकमेकांना खातात. आम्ही यारीवाले तारेवर ट्रॅक्टरचं जळकं काळं ऑइल ओतायचो, कारण ते फुकट असतं. ते आत जात नाही, वरची धूळ मात्र धरून ठेवतं, आणि त्यातली आम्लं लोखंडाला लागतात. बाबांनी मला तार आधी ब्रशनं घासायला लावली, मग पातळ केलेलं ग्रीस चिंधीनं चोळायला लावलं. दीडशे फूट. दुपारच्या उन्हात.

चिंधीचा दुसराही उपयोग होता. तार चिंधीत धरायची आणि सावकाश चालायचं. तुटलेली एखादी तार असली की चिंधीचा धागा तिथं अडकतो. उघडा हात कधी फिरवायचा नाही, तळवा फाटतो. माझ्या तळव्यावर अजून वण आहे. बाबा भेटायच्या आधीचा. धागा अडकला तिथं थांबायचं आणि मोजायचं. एक पेड गाभ्याभोवती पूर्ण वेढा घालतो तेवढ्या लांबीत, म्हणजे पुन्हा चारेक बोटांतच, कुठंही मिळून सहा तारा तुटलेल्या दिसल्या, किंवा एकाच पेडात तीन, की तार गेली. माथ्यावरची तुटलेली बरी, दोन पेडांच्या खाचेतली वाईट, कारण ती आतून कुजल्याची खूण. जाडी मोजायची तीही समोरासमोरच्या पेडांच्या माथ्यांवरून, खाचेत कॅलिपर घालून नव्हे. बारा एमएमची तार अकरावर आली की तिला नमस्कार.

"साखळी न सांगता मरते. तार सांगून मरते," ते म्हणायचे. "तुला ऐकू आलं पाहिजे."

पुढं कधीतरी वाचनात आलं की तारेचा दोर जन्मला तोच या कारणानं. जर्मनीत हार्त्स डोंगरात, क्लाउस्टालच्या चांदीच्या खाणी. तिथला विल्हेल्म आल्बर्ट नावाचा खाण-अधिकारी साखळ्या तुटून तुटून जेरीला आला होता. साखळीची एक कडी गेली की सगळंच खाली. म्हणून १८३४ साली त्यानं लोखंडी तारा पिळून दोर केला, चार तारांचा एक पेड, असे तीन. एक तार तुटली तरी बाकीच्या धरून ठेवतात, आणि तुटलेली दिसते. हे बाबांना सांगायला गेलो, तर त्यांनी फक्त विचारलं, "गाभा कशाचा होता?" गाभा नव्हताच, असं म्हटल्यावर मान हलवून कामाला लागले.

हिशेबाचा त्यांचा एकच पाढा होता. एमएममधल्या जाडीचा वर्ग, गुणिले आठ, तेवढे किलो. बाराची तार: एकशे चव्वेचाळीस गुणिले आठ, अकराशे बावन्न. नवी तार तुटायला आठेक टन लागतात, मग एवढं कमी का, असं मी विचारलं. उत्तर म्हणून त्यांनी यारीवर येऊन डोल सैल तारेवर ठेवली आणि एकदम खाली सुटू दिली. तार अशी वाजली की वरचे गडी दचकले. वजन हिसक्यानं आलं की ते दुप्पट होतं, त्याहून जास्तही. त्यात आमची पुली सहा इंची. तारेच्या निदान अठरापट तरी पुली हवी, म्हणजे साडेआठ इंच. लहान पुलीवरून वळताना तार रोज थोडी थोडी मोडते. पुली बदलायला मी दोन महिने लावले. पैसे नव्हते हे खरं, पण आळसही होता.

एक दुपार मला लख्ख आठवते. सुरुंग लावलेला होता, म्हणून काम थांबलं होतं. बाबांनी सोलाच्या दोरीत पाण्याची घागर अडकवली, एक टोक मला दिलं, एक त्यांच्या भाच्याला. जवळ उभे राहिलो तर घागर दोघांत निम्मी निम्मी. "मागं सरका." सरकलो. "आणखी." दोरी जसजशी आडवी होत गेली तसतशी घागर जड होत गेली. तीच घागर, तेच पाणी. शेवटी हात थरथरायला लागले. दोन पदरांनी दगड उचलताना हेच होतं. हजार किलोचा दगड, आणि पदर जमिनीशी साठ अंशांत असले तर प्रत्येकावर पावणेसहाशे, पंचेचाळीसात सातशे, तीसवर आले की प्रत्येकावर पुरे हजार. दोन पदर लावून काम एकाचंच होतं. हे आकडे त्यांना तोंडपाठ होते, पण ते त्यांनी नंतर सांगितले. आधी हात दुखू दिले.

आणखी किती सांगू? नवी वेटोळी आडवी ठेवून टोक ओढायचं नाही. चाकासारखी जमिनीवर लोळवत उलगडायची, नाहीतर वेढा ओढला जाऊन अढी पडते. तारेला एकदा पडलेली अढी ठोकून सरळ दिसते, पण जागा मेलेलीच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. तारेचं उलटं असतं: तार शाबूत दिसते आणि पीळ गेलेला असतो. कापण्याआधी कापायच्या जागेच्या दोन्ही अंगांना बारीक तारेचे बंध मारायचे. ड्रमवर तीन वेढे कायम शिल्लक ठेवायचे, डोल तळाला टेकली तरी. ताणाच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, तुटलेली तार चाबकासारखी परत येते.

टोच्यानं पेड उचकटून तारेच्या टोकाला डोळा गुंफायचं काम मात्र मला कधीच त्यांच्यासारखं जमलं नाही. पाच फेऱ्या घालायच्या, शेवटच्या दोन अर्ध्या पेडांच्या, म्हणजे गुंफण उंदराच्या शेपटीसारखी निमुळती होते. त्यांची गुंफण बघितली की कुठून सुरू झाली ते कळायचं नाही. माझी गाठोड्यासारखी. "धरेल," एवढंच म्हणायचे. चांगली आहे असं कधी म्हणाले नाहीत.

सगळ्यात मोठी गोष्ट तारेची नव्हतीच. विहिरीत गडी कुठं पळणार? डोल डोक्यावरून वर जाते. बाबांनी तळाशी कडेच्या खडकात देवळी कोरायला लावली, चार माणसं अंग चोरून बसतील एवढी. विहीर खाली गेली की नवी देवळी. डोल हलली की माणूस देवळीत. वर टेकून रिकामी झाल्याची शिट्टी वाजल्याशिवाय बाहेर नाही. गडी कुरकुरले, दिवसाच्या दहा डोली कमी होतात म्हणाले. खरंच होत होत्या. मला त्याचा मनातून राग यायचा.

आता चारशे रुपयांचं.

जून उजाडता उजाडता बाबांनी आमच्या तारेवरून चिंधी फिरवली आणि तीन ठिकाणी धागा अडकला. सुरुंगाचे दगड बसून एका जागी पेड फुगून पिंजऱ्यासारखे झाले होते. "हिला काप. हातहातभर तुकडे कर." मी नवी तार आणली, उधारीवर. जुनी तार कापायला घेतली आणि जीव झाला नाही. दीडशे फूट तार! लांबून बघितली तर धडधाकट. दुसऱ्या गावचा एक यारीवाला नेहमी विचारायचाच. त्याला चारशेला दिली. नव्या तारेची थोडी उधारी फिटली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "कापलीस?"

"कापली."

"तुकडे कुठं आहेत?"

मला खोटं बोलता येतं, पण तुकडे दाखवता येत नव्हते. त्यांनी आवाज चढवला नाही. यारीवाल्याचं गाव विचारलं, सायकल काढली आणि गेले. अकरा किलोमीटर, चढाचा रस्ता, वय चौसष्ट. परत आले ते अंधार पडल्यावर, बैलगाडीत, मागं सायकल आणि तार. त्या माणसानं त्याच दिवशी तार ड्रमवर चढवली होती. बाबांनी त्याला चारशे मोजून दिले, गाडीभाडं वेगळं, आणि तार उतरवून घेतली. पेन्शनच्या पैशातून.

रात्रीच त्यांनी अंगणात रुळाचा तुकडा ठेवला, मला कंदील धरायला सांगितलं, आणि छिन्नी-घणानं तार तोडायला बसले. बंध न मारता. मेलेल्या तारेला बंध कशाला? प्रत्येक घावाला टोक फिसकारून उघडायचं. पहाटेपर्यंत ढीग पडला. शेवटची वीसेक फूट त्यांनी तोडली नाही. अंगणातल्या कडुनिंबापासून न्हाणीच्या खांबापर्यंत बांधली, धुणं वाळत घालायला.

आठवड्यानं चारशे रुपये जमवून गेलो. त्यांनी नोटांकडं बघितलंही नाही. "ठेव, पुढच्या तारेला लागतील." पुढच्या वर्षी पुन्हा गेलो, तेच उत्तर. दिवाळीला कपडे नेले तर ते घेतले, पण पैसे नाहीत. आणि मी त्यांच्या अंगणात गेलो की ती तार डोळ्यांसमोर असायची, लुगडी अंगावर घेऊन.

१९९१च्या मार्चमध्ये नायडोंगरीकडच्या एका विहिरीवर आमची तार पुलीवरून उतरली. पुलीच्या कडेला अडसर लावायचा माझ्याकडून राहून गेला होता. बाबांनी दोनदा सांगितलेलं. तार पुली आणि पट्टीच्या फटीत गेली, चिरली, आणि भरलेली डोल साठ फूट खाली गेली. आवाज वर यायला वेळ लागतो असं वाटलं. मग धूळ. मग काही नाही. मी हाका मारत होतो की नुसता उभा होतो, ते आजही सांगता येत नाही. थोड्या वेळानं खालून एक अस्सल शिवी आली, मग दुसरी. मग चौघंही एकदम शिव्या देऊ लागले. देवळीत होते.

मी संध्याकाळी बाबांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "अडसर?" मी मान खाली घातली. त्यांनी आत जाऊन पट्टीचा तुकडा आणला, भोकं पाडून तयार असलेला. कधीचा करून ठेवला होता, माझी वाट बघत.

ते गेले तेव्हा मी यारी विकून टाकली होती, बोअरच्या गाड्यांपुढं ती टिकली नाही. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांच्या घरी आजींकडं गेलो. खिशात चारशे वेगळे काढून ठेवलेले. आजींनी बसायला पाट दिला, चहा ठेवला. मी पाकीट पुढं केलं आणि तारेचं सगळं सांगितलं, अगदी खोटं बोललो होतो तेही.

"मला माहीत नाही का," आजी म्हणाल्या. "त्या रात्री ठोकाठोकीनं आळी जागी केली होती तुम्ही." पाकिटाला हात लावला नाही. बाहेर बोट दाखवलं. "तेवढी ती तार काढ बाबा. इतकी वर्षं माझ्या एकूण एक पातळाला गंजाचे डाग पाडले तिनं. त्यांच्यापुढं बोलायची सोय नव्हती."

मी तार सोडली. गाठी नव्हत्या, दोन्ही टोकांना गुंफण होती, पाच-पाच फेऱ्यांची. मेलेल्या तारेलाही त्यांनी नीट डोळे केले होते. पेठेत जाऊन नायलॉनची दोरी आणली, कडुनिंबाला आणि खांबाला ताणून बांधली. आजींनी ओढून बघितली.

"कितीची आली?"

"असू द्या आजी."

"कितीची आली, सांग."

"अठ्ठावीस."

त्या आत गेल्या, डबा उघडल्याचा आवाज आला, आणि तीस रुपये आणून त्यांनी माझ्या मुठीत दाबले. वरचे दोन रुपये परत मागितले.